दोन वेशींचा पाठभेद

आमचे बालपण अकोल्याच्या जुन्या शहरात गेले. मोर्णेच्या पश्चिम काठावरच्या या वस्तीला ‘जुने’ हे विशेषण पलीकडच्यांनी लावले. आमची आजी नुसते ‘शहर’ म्हणे. दगडी पूल ओलांडून ताजनापेठेकडे किंवा स्टेशनवर जायचे असले, की दारातून तिचा आवाज येई, “पल्याड जाऊन येतो वं.” बाईच्या तोंडचा हा ‘येतो’ पुढे महाविद्यालयात वऱ्हाडी बोलीचे उदाहरण म्हणून आम्हांला भेटला. जगाचा मध्य कोणत्या काठावर आहे, याविषयी मात्र त्या ‘पल्याड’मध्ये तिळमात्र संदेह नव्हता.

वस्ती जुनी नेमकी कधी झाली, हा प्रश्न आम्हांला फार उशिरा पडला. तिच्या कडेला असदगड आहे. औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नावाचा हा किल्ला 1697 च्या सुमारास ख्वाजा अब्दुल लतीफ याने उभारला, असे मानतात. दहीहंडा वेशीवरच्या लेखात औरंगजेब आणि असदखान यांची नावे आहेत. ईदगाहावरील लेखात अब्दुल लतीफचे. अगर वेशीवरचा मराठी लेख मात्र सांगतो, की हा किल्ला 1843 मध्ये गोविंद आप्पाजीने बांधला. एकच तट, दोन वेशी आणि दोन कर्ते! साहित्याच्या विद्यार्थ्याला हा प्रकार अनोळखी नाही. जुन्या पोथीत नंतरच्या लेखकाने आपली नाममुद्रा घालावी, तसाच हा प्रक्षेप. 1843 साली वऱ्हाड निजामाकडे होते. गोविंद आप्पाजीने पडझड झालेल्या तटाची डागडुजी केली असावी, असा आमचा तर्क. परंतु दुरुस्ती करणाऱ्यालाही आपण कर्ते आहोत असे वाटले, यात आम्हांला लबाडीपेक्षा जिव्हाळाच अधिक दिसतो.

पुढची पाने इंग्रजांनी लिहिली. 1803 मध्ये अडगावच्या लढाईपूर्वी आर्थर वेलस्लीचा तळ अकोल्यास पडला होता. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजी अंमलाखाली गेले. 1867 पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली, आणि अकोल्याचे स्टेशन झाले ते पूर्वेच्या काठावर. साहेबांचे बंगले आणि सरकारी इमारतीही तिकडेच. त्यानंतर तीनेक वर्षांतच, 1870 च्या आसपास, असदगडाचा तट पाडण्यात आला. आमच्या मते आमची वस्ती ‘जुनी’ झाली ती याच थोड्या वर्षांत. म्हणजे हे जुनेपण वयाने आलेले नाही. गावाने तोंड फिरवल्याने आलेले आहे.

नदीकडेही गावाने तशीच पाठ फिरवली. पिण्याचे पाणी काटेपूर्णेच्या धरणातून येऊ लागले आणि मोर्णा सांडपाण्याची व जलकुंभीची झाली. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी राजराजेश्वराला जल चढते तेही गांधीग्रामहून, पूर्णेचे. कावडधारी ते रात्रभर चालत आणतात. 2018 च्या जानेवारीत हजारो हातांनी मोर्णेतली जलकुंभी उपसली. 2021 च्या जुलैत नदी पुराने काठावरच्या घरांत शिरली, तेव्हा ती अजून नदीच आहे हे सर्वांना आठवले.

मे 2023 मध्ये जुन्या शहरात दंगल झाली. एक जीव गेला, संचारबंदी लागली. दूर गावी असलेल्या आम्हांला फोन आले, “तुमच्याकडे हे असंच चालतं का?” उत्तर सुचले नाही. त्या दिवसांत, हे गाव मुळात कोणाचे, असा वाद घालणारी माणसेही भेटली. एकाला दहीहंडा वेशीचा पाठ प्रमाण, दुसऱ्याला अगर वेशीचा.

संहितेचे संपादन शिकवताना आमचे एक गुरुजी सांगत, की पाठभेद आढळला तर एक पाठ खोडू नये, दोन्ही नोंदवावेत. तेव्हा तो परीक्षेपुरता नियम वाटला होता. आज वाटते, आमच्या गल्लीत राहायचे तर याहून वेगळा नियम चालणारच नाही. गोविंद आप्पाजीने स्वतःचे नाव कोरले, पण दहीहंडा वेशीवरची फारसी अक्षरे त्याने छिनली नाहीत. आजीला यातले काहीच ठाऊक नव्हते. ती दोन्ही वेशींना ‘आपली वेस’ म्हणे.