पोच

भोपाळच्या नेहरू नगरात आमचे घर आहे. गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून पलीकडच्या बांबूपर्यंत एक लांब तार ताणलेली आहे. नवखा पाहुणा तिला कपडे वाळत घालण्याची दोरी समजतो आणि ती इतक्या उंचावर कशाला बांधली, म्हणून नवल करतो. ती आमच्या काकांची एरियल. काका सरकारी परवाना मिळविलेले हौशी रेडिओचालक, म्हणजे 'हॅम' होते. भूतपूर्व पंतप्रधान राजीव गांधी यांनाही हाच छंद होता. 'व्ही यू २ आर जी' हे त्यांचे संकेतनाम.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे भावंडे. एक नववीत, दुसरे सातवीत. रात्री अभ्यास आटोपला की काकांच्या खोलीत जाऊन बसावयाचे, हा आमचा नित्यक्रम. काका यंत्राची कळ फिरवीत, खरखर चाले, आणि एकाएकी कोठल्या तरी दूर देशीचा मनुष्य स्पष्ट बोलू लागे. २६ डिसेंबर २००४ रोजी अंदमानात भूकंप व त्सुनामी होऊन संपर्क तुटला, तेव्हा त्या सुमारास पोर्ट ब्लेअरला गेलेल्या भारती प्रसाद या हॅम भगिनीने व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपला छंद बाजूस ठेवून अडकलेल्यांचे निरोप मुख्य भूमीवर पोचविले. ही हकीकत काका आम्हांस अनेकदा सांगत.

हवेतून झालेली भेट हवेतच विरून जाते. ती झाली, याला पुरावा काय? म्हणून हॅम मंडळी एकमेकांस एक पत्र पाठवितात. त्याला ते 'क्यू एस एल' म्हणतात. तारायंत्राच्या सांकेतिक भाषेतील ही तीन अक्षरे. त्यांचा अर्थ इतकाच, की 'पोच मिळाली'. नऊ सेंटिमीटर रुंद व चौदा लांब अशा त्या पत्रावर दोघांची संकेतनामे, तारीख, वेळ, लहरींचा पट्टा आणि आवाज कसा ऐकू आला त्याचे गुण एवढे असले, की काम झाले. शंभर देशांशी गाठ पडल्याची पत्रे ज्याने जमविली, त्याला मानाचे प्रशस्तिपत्र मिळते. आता ही पोच संगणकावरूनही देता येते. परंतु पत्रांची गोडी ओसरलेली नाही.

काका आपली पत्रे पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत हाताने लिहीत. आम्हांस ते जुनाट वाटे. इतरांची पत्रे पाहावीत, तर रंगीत चित्रे आणि सुबक छपाई! शिवाय आमचा एक मुद्दा बिनतोड होता. आपल्या देशाच्या संकेतनामाचा आरंभ 'व्ही यू' या रोमन अक्षरांनी होतो, आणि घाईत लिहिली की ती दोन्ही अक्षरे एकसारखीच दिसतात. युरोपातील मनुष्य एकाचा आकडा असा काढतो, की आपण तो सात वाचावा. मग हस्ताक्षराच्या नादाने एखाद्याची मेहनत फुकट का घालवावी?

काका हसून म्हणत, "अरे, लग्नाची पत्रिका छापलेलीच असते. पण तुमची आजी तिला कुंकू लावून कडेला 'अवश्य येणे' असे लिहायची, तेव्हाच लोक गाडीत बसायचे."

वाद काही मिटेना. अखेर त्यांच्या वाढदिवसाला आम्ही खाऊचे पैसे साठवून दोनशे पत्रे छापून आणली. वर मोठ्या तलावाचे चित्र, खाली ठळक संकेतनाम, आणि 'भेटीबद्दल आभार' हेसुद्धा इंग्रजीत छापलेले! काकांनी पत्रे उलटसुलट करून पाहिली, आमच्या पाठीवर हात फिरविला आणि दुसऱ्या दिवसापासून ती वापरावयास घेतली. मात्र छापील आभाराच्या खाली ते आपल्या हाताने पुन्हा दोन ओळी लिहीतच.

त्यांचा नियम एकच होता. आकडा चुकला, तर तो दुरुस्त करावयाचा नाही. पत्र फाडून नवे घ्यावयाचे. खाडाखोड केलेली साक्ष कोणी मानीत नाही. एकदा आम्ही तारखेवर शाई गिरवून पाचाचे सहा केले, तेव्हा त्यांनी काही न बोलता ते पत्र आमच्यासमोर फाडले.

गतवर्षी श्रावणात काका गेले. हॅम मंडळी अशा सोबत्याला 'सायलेंट की', म्हणजे मुकी झालेली कळ, म्हणतात. यंत्रावर आम्ही कापड घातले. आणि मार्गशीर्षात त्यांच्या नावे एक पुडके आले. ही पत्रे ब्यूरोमार्फत गठ्ठ्याने येतात. त्यांना वर्ष-दोन वर्षेही लागतात. आत तेवीस पत्रे होती. तेवीसजण काकांच्या उत्तराची वाट पाहत होते, आणि काका नव्हते.

उत्तर देणे प्राप्तच होते. छापील पत्रे शिल्लक होती. आमच्यापैकी एकाचे अक्षर हुबेहूब काकांसारखे वळते. त्यांनीच ते वळविले होते. त्यांच्याच अक्षरात लिहून, खाली त्यांचीच सही करून पाठविले, तर कोणाला कळणार होते? हा मोह आम्हांस एक रात्रभर होता. सकाळी त्याची लाज वाटली. ज्याने एका आकड्यासाठी पत्र फाडले, त्याच्या नावाने खोटी सही कशी करावी?

आम्ही नोंदवही काढली. बावीस भेटी सापडल्या. तेविसावी सापडेना. ते पत्र होते जपानमधील एका वृद्ध गृहस्थाचे. सारे हाताने, थरथरत्या अक्षरांत लिहिलेले. भारताशी आपली ही पहिलीच भेट, पत्र अवश्य पाठवावे, अशी त्यांची विनंती होती. तारीख ६ जानेवारी, वेळ रात्रीचे साडेआठ, पट्टा सात मेगाहर्ट्झ. वहीत त्या दिवशी काहीच नाही. वहीत नाही त्याची पोच द्यावयाची नाही, हे ठाऊक होते. पण हात ते पत्र बाजूस ठेवीना.

मग सुचले. हॅमांच्या नोंदी जागतिक वेळेने असतात. ती आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. जपानचे घड्याळ तिच्या नऊ तास पुढे. म्हाताऱ्याने वेळ जागतिक लिहिली, पण तारीख आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली! ५ जानेवारीचे पान उघडले, आणि तेथे काकांच्या अक्षरात ती भेट होती. त्या वेळी आपल्याकडे ६ तारखेचे पहाटेचे दोन वाजले होते, आणि जपानात साडेपाच.

आम्ही वहीत होते तेच लिहिले, तारीख ५. छापील आभाराखाली आमच्या स्वतःच्या अक्षरात लिहिले, की काका आता नाहीत, ही नोंद त्यांच्या वहीतून पडताळून त्यांच्या पुतण्यांनी पाठविली आहे. लिहिताना एक आकडा चुकला. ते पत्र फाडले आणि नवे घेतले.

छापील बरे की हातचे, हा आमचा वाद तेथे संपला. संकेतनाम छापील असावे, कारण ते वाचता आले पाहिजे. पण साक्ष ज्याची, अक्षरही त्याचेच हवे. जपानहून उत्तर अद्याप आलेले नाही. परवान्याच्या परीक्षेला वयाची बारा वर्षे पुरी लागतात. ती आम्हा दोघांची झाली आहेत. तूर्त मोर्सची पाटी घोटणे चालू आहे, आणि गच्चीवरची तार आम्ही उतरविलेली नाही.