तांदळाच्या कणीएवढा दात

वैनगंगेकडून वारा येत नाही, लेक झोपत नाही. खालच्या हिरडीतून पहिला दात डोकावतोय. सासूबाई स्वच्छ फडकं पितळी वाटीतल्या गार पाण्यात भिजवून, पिळून देतात. ती ते चावत राहते. मी धुतलेल्या बोटानं हिरडी हलकेच चोळते. मग दिवा मालवून रोजचंच गाणं. वर्षाच्या आत मध नाही, बधिर करणारं मलमही नाही, यावर मी ठाम आहे. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर तो दाताच्या माथी मारायचा नाही, डॉक्टरांकडे जायचं. दुधाचे २० दात पुरे व्हायला अडीच-तीन वर्षं लागतात. मन मात्र त्या एका पांढऱ्या कणीपाशीच अडतं. माझ्या वेळी माय अशीच जागली असेल का? उद्या पवनीला माहेरी फोन करून विचारेन.