साडेसोळा फुटांची पाणंद

'ग्रॅव्हल सायकलिंग' म्हणजे काय, हे आमच्या गल्लीत समजावून सांगायचा मी बराच प्रयत्न केला. हँडल रेसच्या सायकलसारखं वाकडं, पण टायर जाड, ४० मिलिमीटरचे. हवा निम्मी. डांबर सोडून खडी, मुरूम, माती असल्या रस्त्यांवरून लांब लांब जायचं... चहाच्या गाडीवरच्या मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे पाणंदीनं सायकल मारायची व्हय!"

तर मंडळी, विषय पाणंदीचा आहे. दोन शेतांच्या मधून जाणारी गाडीवाट. आमच्या कोल्हापूर भागात हा शब्द लहान पोरालाही माहीत असतो. पुण्यात मात्र मला तो दोनदा समजावून सांगावा लागला.

या नादाला मी लागलो ते फ्रान्समध्ये. २०२३ मध्ये प्रोजेक्टने मला सहा महिन्यांसाठी तुलूझला पाठवलं. रविवारी तिथे सगळं बंद, मेसमधल्या पोरांचं क्रिकेटही नाही. मग एक जुनी सायकल घेतली आणि कॅनाल द्यु मिदीच्या काठाने निघालो. हा कालवा सतराव्या शतकातला. पिएर-पॉल रिके नावाच्या माणसाने तो खणायला घेतला, १६६६ साली काम सुरू झालं आणि १६८१ मध्ये पुरं झालं. लांबी साधारण २४० किलोमीटर. काठाने पूर्वी नावा ओढणारे घोडे चालायचे, तीच वाट आता सायकलींना. तुलूझपासून पहिले पन्नासेक किलोमीटर डांबर आहे, पुढे माती आणि बारीक खडी. दोन्ही बाजूंना उंच झाडं, मधे शांत हिरवं पाणी, आणि तासभर कोणी माणूस दिसत नाही. मी एका लाँग वीकएंडला कार्कासोनपर्यंत गेलो. तिथला तटबंदीचा जुना गाव लांबून दिसला तेव्हा मनात काय यावं? पन्हाळा! (सोबत शेंगदाण्याची चटणी होती, म्हणून जगलो. वाटेतल्या कास्तेलनोदारीची प्रसिद्ध डिश म्हणजे शेंगभाज्यांसारखे घेवडे, पण त्यात बदक आणि डुक्कर दोन्ही. आमच्या आईला सांगितलेलं नाही.)

परत आल्यावर वर्क फ्रॉम होम मिळालं, कोल्हापुरात राहिलो, आणि मॅपवर आपल्याकडचा 'कालवा' शोधायला बसलो. सापडेना. कारण आपल्याकडे नदीच कालव्याचं काम करते! शाहू महाराजांच्या काळात राधानगरी धरण सुरू झालं. धरणाचं पाणी नदीत सोडायचं, खाली जागोजागी बंधारे घालून अडवायचं आणि दोन्ही काठांनी पंपाने उचलायचं, अशी ही रचना. या बंधाऱ्यांचं नावच 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा'. दगडी खांब, खांबांना उभ्या खाचा. पावसाळा सरला की खाचांत लाकडी बरगे बसवायचे, दोन ओळींच्या मधे माती भरायची, झालं धरण. पावसाळ्याआधी बरगे काढून ठेवायचे म्हणजे पूर मोकळा जातो. मी दिवसभर सॉफ्टवेअरमध्ये 'सीझनल लोड'वर मीटिंगा करतो, आणि इथे लाकडाच्या फळ्या काढून-घालून तो प्रश्न कधीच सुटलेला आहे.

बंधाऱ्याची पाठ म्हणजे अरुंद पूल. कठडा नाही, समोरून म्हैस आली की आपण थांबायचं. पण सायकलला याच्यापेक्षा सुंदर रस्ता नाही. एका बाजूला तुंबलेलं गच्च पाणी, दुसऱ्या बाजूला खडक आणि बगळे. रुई, तेरवाड, शिरोळ ही नावं एरवी आपण फक्त जुलै-ऑगस्टमध्ये 'पाण्याखाली गेलेले बंधारे' या बातमीत वाचतो.

माझा आवडता रूट खिद्रापूरचा. एका बाजूने साठेक किलोमीटर. पहाटे निघायचं, गांधीनगरातून वळिवडे, पट्टणकोडोली, चांदीवाली हुपरी, रेंदाळ, अब्दुललाट, हेरवाड असं करत पंचगंगेच्या दक्षिण अंगाने कृष्णेकडे सरकायचं. मुख्य रस्ता जितका टाळता येईल तितका टाळायचा.

वळिवड्याला मी दरवेळी दोन मिनिटं थांबतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४८ या काळात, इथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बाया आणि पोरं. सायबेरियाकडे हाकलली गेलेली, तिथून इराणमार्गे इकडे आलेली. त्यांची शाळा, चर्च, थिएटर सगळं इथे होतं. ती गेल्यावर त्याच बराकींत फाळणीत उजाडलेले सिंधी आले आणि त्याचं गांधीनगर झालं, जिथे आज अख्खा जिल्हा लग्नाचा बस्ता बांधायला येतो. युरोपातली पोरं पंचगंगेकाठी वाढली आणि मी सायकल शिकायला युरोपात गेलो, गंमतच आहे.

पट्टणकोडोलीत विठ्ठल-बिरदेवाची यात्रा होऊन गेली असेल तर भंडाऱ्याने रस्ता पिवळा असतो. टायर पिवळे होतात, ते धुवू नयेत असं माझं मत आहे.

हुपरी सोडली की खऱ्या पाणंदी सुरू होतात. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस. मधे ट्रॅक्टरच्या चाकांनी पडलेल्या दोन खोल चाकोऱ्या आणि त्यांच्या मधे गवताची पट्टी. नोव्हेंबर ते मार्च, गळिताच्या हंगामात, वास सांगतो पुढे काय आहे : पाचट जाळल्याचा, गुऱ्हाळाचा, मळीचा. माती काळी. कोरडी असेल तर सिमेंटसारखी टणक, आणि एक पाऊस झाला की विचारू नका. चिखल टायरला चिकटतो, टायर फोर्कमध्ये अडकतो, चाक फिरायचं बंद होतं आणि दहा किलोची सायकल वीस किलोची होऊन आपल्या खांद्यावर बसते.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात अवकाळी पाऊस होऊन गेला होता. शिरोळ तालुक्यातल्या अशाच एका पाणंदीत (गावाचं नाव मुद्दाम देत नाही, त्यात भाऊबंदकी आहे) मी काटकीने चिखल खरवडत बसलो होतो. पलीकडून एक आण्णा आले. पंचा, हातात खुरपं.

"काय पावनं, वाट चुकलासा?"

"नाही आण्णा, मुद्दाम याच रस्त्यानं चाललोय."

"मुद्दाम?" त्यांनी सायकलकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कितीला पडली?"

मी आकडा सांगितला. त्यावर ते काही बोलले नाहीत. बांधावर बसले आणि तंबाखू मळायला लागले. मग हळूहळू सगळं निघालं. त्यांचा सव्वा एकर ऊस तुटायच्या लायकीचा होऊन महिना झाला होता. पण टोळी यायला तयार नाही, कारण ट्रॅक्टर फडापर्यंत पोचत नाही. मोळ्या डोक्यावरून डांबरीपर्यंत न्यायच्या, म्हणजे मजुरांना वर खुशाली, ड्रायव्हरला वेगळी एंट्री. ऊस उभा राहतो तसा वाळतो, वजन घटतं, आणि पैसे तर वजनावर.

"नकाशात साडेसोळा फूट हाय बगा," आण्णा म्हणाले. "जाग्यावर सात."

मला ते तेव्हा नीट कळलं नाही. घरी येऊन वाचलं. गावनकाशात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने दाखवलेली असते, आणि तिची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. एकेरी तुटक रेष म्हणजे पायवाट, सव्वाआठ फूट. दर नांगरटीला इकडचा एक तास सरकतो, तिकडचा एक तास सरकतो, आणि तीस-चाळीस वर्षांत बैलगाडीच्या रस्त्याची पायवाट होते. अडवलेली वाट मोकळी करून द्यायचा अधिकार तहसीलदारांना आहे, तोही १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याने. पण अर्ज कुणाविरुद्ध करायचा? चुलतभावाविरुद्ध! म्हणून वर्षानुवर्षं कुणी करत नाही.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात दोन मुली आल्या. सातवी-आठवीच्या असतील. चपला हातात, दप्तर पाठीवर, आणि एकीकडे प्लास्टिकच्या पिशवीत पांढरे बूट. शाळेत रविवारीही काहीतरी कार्यक्रम होता. डांबरी आली की हापशावर पाय धुवायचे आणि मग बूट घालायचे. "रोजचंच हाय," आण्णा म्हणाले. त्या माझ्या सायकलला बघून हसल्या आणि चिखलातून अशा सहज गेल्या की मला माझ्या ट्यूबलेस टायरांची लाज वाटली.

खिद्रापूरला त्या दिवशी बारा वाजता पोचलो. कृष्णाकाठी, कर्नाटकच्या अगदी हद्दीवर असलेलं हे कोपेश्वराचं मंदिर बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं. यादव राजा सिंघणाचा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेखही तिथे आहे. स्वर्गमंडपात ४८ खांब आणि मधोमध छताला गोल आकाश. छत पडलेलं नाही, ते तसंच उघडं ठेवलेलं आहे. खाली त्याच मापाची गोल शिळा, तिच्याभोवती बारा खांब. कार्तिकी पौर्णिमेला चंद्र वर येतो तेव्हा गर्दी असते. भर दुपारी डिसेंबरात मी आणि एक कुत्रं. बाहेरच्या भिंतीला तळाशी हत्तींची रांग आहे, जणू अख्खं देऊळ त्यांच्या पाठीवर. शंकराचं देऊळ असून समोर नंदी नाही. गाभाऱ्यात कोपेश्वर आणि त्याला शांत करायला आलेला धोपेश्वर म्हणजे विष्णू, अशी जोडी आहे.

एरवी मी त्या शिळेवर अर्धा तास पडून वर बघत राहतो. त्या दिवशी डोक्यात सारखं एकच : एवढा दगड इथे आला कुठल्या वाटेने? ही नदीची काळी माती, इथे डोंगर नाही. नदीतून असेल नाहीतर गाड्यांवरून. गाड्यांवरून असेल तर कुणीतरी कधीतरी इथे साडेसोळा फूट मोकळे ठेवले होते.

ग्रॅव्हलवाल्यांच्या जगात एक आवडता विषय असतो : 'रस्ते वाचवा'. उत्तर फ्रान्समध्ये पॅरिस-रुबे ही १८९६ पासूनची शर्यत आहे, दगडी फरसबंदीच्या शेतरस्त्यांवरून जाणारी. मधे अनेक गावांनी त्या दगडांवर डांबर ओतायला सुरुवात केली. मग शर्यतीच्या प्रेमींनी संस्था काढली, आणि आज ही मंडळी निखळलेले दगड पुन्हा बसवतात. तुलूझच्या ऑफिसातला माझा सहकारी हे फार अभिमानाने सांगायचा, आणि मलाही ते पटलं होतं. पण त्याच्या गावातल्या पोरीला शाळेत जाताना बूट पिशवीत न्यावे लागत नाहीत. दगड हौसेने जपायला आधी शेजारी दुसरा रस्ता असावा लागतो. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या वर्षी कुणीतरी 'कोल्हापूरच्या पाणंदी ग्रॅव्हलसाठी राखा' अशी पोस्ट टाकली, तेव्हा मी पहिल्यांदाच तिथे भांडलो. दोन जण ग्रुप सोडून गेले. जाऊ देत.

आण्णांच्या पाणंदीचं पुढे काय झालं, ते सांगतो. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये रोजगार हमीशी जोडून मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली होती. गावातल्या तरण्या पोरांनी ती उकरून काढली, मोजणी झाली, दोन्हीकडचे चुलतभाऊ चावडीत बसले, आरडाओरडा झाला आणि पुढच्या उन्हाळ्यात जेसीबी आला. गेल्या डिसेंबरात मी गेलो तर रस्ता रुंद, दोन्हीकडे चर, वर लाल मुरूम दाबलेला. आता खरं सांगू का? ग्रॅव्हल बाईकला असा मुरूम म्हणजे स्वर्ग! टायरखाली कुरकुर आवाज, चाकोरी नाही, पंचवीसच्या स्पीडने जाता येतं. आण्णांना भेटून मी खूश होऊन तसं सांगितलंसुद्धा.

"हे काय, निम्मं काम हाय," ते म्हणाले. "मुरूम दोन पावसांत जाणार. वर खडी पायजे आणि डांबर पायजे. तुमचं काय, तुमी एक दिस येतासा."

पण ऊस वेळेत गेला होता. ट्रॅक्टर फडात आला होता. चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही, आणि निघताना कृष्णाकाठची दोन किलो वांगी बळंच माझ्या फ्रेम बॅगेत कोंबली. घरी येईपर्यंत त्यांचं भरीत झालं होतं.

कुणाला जायचं असेल तर : दिवाळीनंतर जा, पाऊस होऊन गेला असेल तर चार दिवस थांबा. दोन लिटर पाणी न्या, अब्दुललाटच्या पुढे दुकानं कमी आहेत. हेरवाडला थांबून चहा घ्या. मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव राज्यात पहिल्यांदा केला तो याच ग्रामपंचायतीने. येताना नरसोबाच्या वाडीला कवठाची बर्फी. ऊस भरलेल्या ट्रॉलीला ओव्हरटेक करू नका, आणि मागून ऊसही ओढू नका, शाळेतली सवय असली तरी.

मी या रूटवरच्या पाणंदी ओपनस्ट्रीटमॅपवर टाकत असतो. आण्णांची पाणंद आधी 'माती' अशी नोंदवली होती, आता ती 'मुरूम' केली आहे. रुंदीच्या रकान्यात पाच मीटर भरलं. पाच मीटर म्हणजे साडेसोळा फुटांपेक्षा दीड-दोन बोटं कमी.