आठ अँगस्ट्रॉमच्या अलीकडे आणि पलीकडे

फरीदाबादला रिजनल सेंटर फॉर बायोटेक्नॉलॉजीच्या आवारात इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर आहे. नोव्हेंबर २०२२मध्ये ते सुरू झालं, चार पेटाबाइट साठवणक्षमता आणि ‘ब्रह्म’ नावाच्या संगणक-यंत्रणेसह. भारतातल्या प्रयोगशाळांनी वाढवलेले प्रथिनांचे स्फटिक फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर क्ष-किरणांनी तपासून घेण्याची सोयही याच रिजनल सेंटरमार्फत होत आली आहे. स्फटिक, त्याची रचना आणि तिचा साठा हे सगळं असं हाताशी असलं, की प्रथिनातल्या कोणत्या दोन रेसिड्यूंचा, म्हणजे साखळीतल्या कोणत्या दोन अमिनो आम्लांचा, एकमेकांशी संपर्क आहे हे काढणं हातचा मळ वाटू लागतं. फाइल उघडायची, अणूंचे सहनिर्देशक वाचायचे, जोडीजोडीतलं अंतर काढायचं आणि ठरलेल्या मर्यादेच्या आत येतील त्या जोड्या यादीत टाकायच्या. काही ओळींचा प्रोग्राम पुरतो. माझं म्हणणं असं आहे, की ही यादी म्हणजे निरीक्षण नव्हे. सहनिर्देशक हा कुणीतरी इलेक्ट्रॉन घनतेचा लावलेला अर्थ असतो आणि मर्यादा आपण ठरवलेली असते. त्यामुळे यादीतली प्रत्येक जोडी हा एक दावा आहे, आणि ज्या दाव्यावर पुढचा निष्कर्ष उभा राहणार असेल, तो पुराव्यानिशी तपासलाच पाहिजे.

आधी मर्यादेचं पाहू. सगळ्यात रुळलेला नियम असा: दोन रेसिड्यूंच्या सी-बीटा अणूंमधलं, म्हणजे साइड चेनच्या पहिल्या कार्बनांमधलं, अंतर आठ अँगस्ट्रॉमपेक्षा कमी असेल तर संपर्क आहे. ग्लायसिनला सी-बीटा नसतोच, म्हणून तिथे मुख्य साखळीतला सी-अल्फा धरायचा. कुणी सगळ्यांसाठीच सी-अल्फा धरतो, तर कुणी हायड्रोजन सोडून कोणतेही दोन अणू साडेचार-पाच अँगस्ट्रॉमच्या आत आले की संपर्क मानतो. एकाच रचनेला हे तिन्ही नियम लावले तर तीन वेगळ्या याद्या हाती येतात. आर्जिनिन आणि ग्लुटामेट यांचा क्षारसेतू घ्या. दोघांच्या साइड चेन लांब. टोकाचे नायट्रोजन आणि ऑक्सिजन २.८ अँगस्ट्रॉमवर एकमेकांना धरून असतात, पण सी-बीटांमधलं अंतर दहाच्या आसपास असू शकतं, आणि मग प्रथिनातलं एक भक्कम बंधन आठच्या नियमातून निसटतं. उलट बीटा-शीटमध्ये शेजारच्या पट्ट्यांवरच्या तिरप्या जोडीत सी-अल्फा सहाएक अँगस्ट्रॉमवरच असतात, पण एकाची साइड चेन शीटच्या वर, दुसऱ्याची खाली. त्या दोन साइड चेनची गाठ कधीच पडत नाही, तरी यादीत त्यांचं नाव लागतं.

मर्यादा कुठून यावी, याचं उत्तर आपल्याकडेच फार पूर्वी दिलं गेलं आहे, आणि ते वादातून आलं. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४-५५मध्ये कोलॅजेनची तिहेरी सर्पिल रचना मांडली. तिच्यात काही अणू नको इतके जवळ येतात, असा आक्षेप रिच आणि क्रिक यांनी घेतला. ‘नको इतके’ म्हणजे किती? रामचंद्रन यांनी हा प्रश्न मताचा ठेवला नाही. अमिनो आम्लांच्या आणि लहान पेप्टाइडांच्या तोवर उपलब्ध असलेल्या स्फटिकरचनांमधून प्रत्यक्षात कोणते अणू किती जवळ आलेले सापडतात ते त्यांनी आणि शशिशेखरन यांनी पाहिलं, आणि प्रत्येक अणुजोडीसाठी दोन मर्यादा ठरवल्या: एक नेहमीची, एक टोकाची. कार्बन-कार्बनसाठी ३.२ आणि ३.० अँगस्ट्रॉम, हायड्रोजन-हायड्रोजनसाठी २.० आणि १.९. त्यातूनच १९६३चा रामचंद्रन आलेख उभा राहिला. मला या कामात सर्वांत मोलाची वाटते ती दुसरी मर्यादा. एकच रेघ ओढून मोकळं होणं सोपं होतं. त्यांनी रेघेजवळचा संशयाचा पट्टा आकड्यात लिहून ठेवला.

आता सहनिर्देशकांचं. ॲस्परॅजिन किंवा ग्लुटामिनच्या टोकाला एक ऑक्सिजन आणि एक नायट्रोजन असतो. क्ष-किरणांना दिसतात इलेक्ट्रॉन, एकाकडे आठ आणि दुसऱ्याकडे सात. दोन अँगस्ट्रॉम रिझोल्यूशनला दोघांची घनता जवळजवळ सारखीच दिसते. रचना बांधणाऱ्याने टोक उलटं बसवलं असेल, तर हायड्रोजन देणारा घेणारा ठरतो आणि प्रत्यक्षात नसलेला हायड्रोजन-बंध यादीत उगवतो. पृष्ठभागावरच्या लायसिनची तर टोकाकडची घनता अनेकदा दिसतच नाही. अशा वेळी कुणी ते अणू छाटतो, कुणी अंदाजाने बसवून त्यांचा बी-फॅक्टर, म्हणजे जागेच्या अनिश्चिततेचा आकडा, वाढू देतो, कुणी ऑक्युपन्सी शून्य लिहितो. अंतर मोजणारा प्रोग्राम यातलं काहीच विचारत नाही. अंदाजाने बसवलेल्या नायट्रोजनपासून चार अँगस्ट्रॉमवर ग्लुटामेट सापडला, की तो नोंद करून पुढे जातो. म्हणून महत्त्वाची जोडी घनतेच्या नकाशावर डोळ्यांनी पाहणं हा कामाचाच भाग आहे.

याचा सर्वांत बोलका दाखला महाराष्ट्राला फार जवळचा आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारमधल्या घराघरांत माहीत असलेला सिकलसेल हा आजार मुळात एका संपर्काचा आजार आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामेटऐवजी व्हॅलिन येतं. चार साखळ्यांचा एक टेट्रामर वेगळा काढून त्याची संपर्कयादी केली, तर निरोगी आणि सिकल हिमोग्लोबिनमध्ये सांगण्यासारखा फरक दिसत नाही, कारण ते व्हॅलिन पृष्ठभागावर आहे. फरक दिसतो तो ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनच्या दोन रेणूंमध्ये: एकाचं व्हॅलिन ६ दुसऱ्याच्या बीटा साखळीतल्या फेनिलॲलॅनिन ८५ आणि ल्युसिन ८८ यांच्या खाचेत बसतं, रेणूला रेणू जोडला जातो, चौदा धाग्यांचा तंतू तयार होतो आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. टेट्रामरमध्ये व्हॅलिन ६ दोन असतात, पण या जोडणीत त्यातलं एकच वापरलं जातं. स्फटिकातल्या शेजारी रेणूंमधले संपर्क बहुतेक विश्लेषणांत ‘स्फटिकामुळे आलेले’ म्हणून बाजूला काढले जातात. इथे नेमका तोच संपर्क रोगाचं कारण निघाला. आणि तो खरा आहे हे नुसत्या अंतरावरून ठरलं नाही. १९७५ची पाच अँगस्ट्रॉमची रचना, १९९७ची २.०५ अँगस्ट्रॉमची रचना, तंतूंची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली चित्रं आणि इतर बदल असलेली हिमोग्लोबिनं मिसळून केलेले गोठण्याचे प्रयोग, असे पुरावे एकमेकांना जुळत गेले. (एक व्यवहाराची गोष्ट: जनुकीय तपासणीच्या अहवालात हाच बदल सातव्या जागी लिहिलेला असतो, कारण तिथे सुरुवातीचं मेथिओनिन मोजतात. क्रमांक न जुळवता अहवालावरून रचनेत शिरलं, तर भलत्याच रेसिड्यूचे शेजारी मोजले जातात.)

यावर आक्षेप येतो तो प्रमाणाचा. लाखो रचना एकेक करून कोण पाहणार? तिथे आठ अँगस्ट्रॉमसारखा एकच ठोकळ नियम हवाच, आणि त्याने काम झालेलंही आहे. १९८५मध्ये मियाझावा आणि जर्निगन यांनी साइड चेनच्या केंद्रांसाठी ६.५ अँगस्ट्रॉमची मर्यादा धरून रेसिड्यूंच्या जोड्यांच्या ऊर्जा काढल्या, त्या आजही वापरात आहेत. १९९८मध्ये प्लॅक्सको, सायमन्स आणि बेकर यांनी दाखवलं, की संपर्कात आलेले रेसिड्यू साखळीत सरासरी जितके जवळचे, तितक्या वेगाने लहान प्रथिन घडी घेतं. हे मला पूर्ण मान्य आहे. सरासरीत चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात. पण त्या सवलतीलाही अट आहे: चुका एका बाजूला झुकलेल्या नसाव्यात. आठचा नियम लांब, विद्युतभारित साइड चेनचे संपर्क पद्धतशीरपणे गाळतो, म्हणून क्षारसेतूंबद्दलचा प्रश्न त्याला विचारूच नये. दुसरा आक्षेप प्रथिनांच्या रचना वर्तवणाऱ्या अल्फाफोल्डचा. यंत्रच आता संपर्क सांगतं, मग हा खटाटोप कशाला? महत्त्वाची बाब अशी, की २०१८च्या पहिल्या अल्फाफोल्डने संपर्काचं ‘हो किंवा नाही’ सोडून अंतरांचं संभाव्यता-वितरण वर्तवलं, आणि त्याच्या यशात या बदलाचा मोठा वाटा होता. रामचंद्रन यांच्या दोन मर्यादांमागचा विचारच तिथे पुढे गेला. तरी एका रेसिड्यूच्या बदलाने काय घडेल, हे सांगण्यात ही साधनं अजून कच्ची आहेत. सिकल हिमोग्लोबिनची एकट्या टेट्रामरची वर्तवलेली रचना कितीही अचूक असली, तरी आजार तिच्यात दिसणार नाही.

त्या खाचेच्या तोंडाशीच आणखी एक रेसिड्यू आहे, सत्त्याऐंशीवा. प्रौढ बीटा साखळीत तिथे थ्रिओनिन असतं, गर्भकालीन हिमोग्लोबिनच्या गॅमा साखळीत ग्लुटामिन. ग्लुटामिन असलं की शेजारच्या रेणूची बैठक बिघडते. गर्भकालीन हिमोग्लोबिन जास्त असलेल्या रुग्णांना आजाराचा त्रास सहसा कमी होतो, त्याचं एक कारण हे आहे. भारतातल्या अनेक रुग्णांमध्ये या हिमोग्लोबिनचं प्रमाण आफ्रिकेतल्या बहुतेक गटांपेक्षा जास्त आढळतं, तरी विदर्भात तीव्र आजाराची मुलं दिसतातच, म्हणजे एवढ्यावर भागत नाही. डिसेंबर २०२३मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या एका जनुकोपचारात रुग्णाच्या मूळपेशींना जी बीटा साखळी दिली जाते, तिच्यात मुद्दाम हाच बदल केलेला आहे: ८७व्या जागी थ्रिओनिनऐवजी ग्लुटामिन. ती रचना मांडून आठ अँगस्ट्रॉमची सी-बीटा यादी काढली, तर तीत काहीच बदललेलं दिसणार नाही, कारण ग्लुटामिनचा सी-बीटा थ्रिओनिनच्याच जागी बसतो. फरक आहे तो त्याच्यापुढच्या अणूंमध्ये, आणि तो पाहायचा तर त्या खाचेत उतरून अणू-अणूतली अंतरं मोजावी लागतात.