सरसच लाव

परवा सकाळी मुलीने आतल्या खोलीतूनच विचारलं, "आई, नक्की काय शिजतंय?" मी गॅसवरच्या पातेल्यावर वाकले होते. पातेल्यात गरम पाणी, पाण्यात स्टीलची वाटी, वाटीत मधाच्या रंगाचा सरस. भिजलेली चप्पल चुलीपाशी वाळत घातली की सुटतो, तसला काहीसा वास. पन्नास वर्षांनी तो नाकात शिरला आणि मी वाईच्या वाड्याच्या परसात जाऊन उभी राहिले.

आजीच्या देव्हाऱ्याचा डावा खांब यंदाच्या पावसात निखळला होता. वाडा विकला तेव्हा तांब्यापितळेची भांडी भावांनी नेली. देव्हारा कुणाच्याच फ्लॅटमध्ये मावेना, म्हणून तो माझ्या वाट्याला आला. हा खांब दोन वर्षांपूर्वीही एकदा सुटला होता. तेव्हा मी पांढरा गोंद ओतला, सुतळीने करकचून बांधलं आणि मोकळी झाले. चूक माझीच. सांध्यात जुन्या सरसाचा थर तसाच होता, त्याच्या आडून गोंद लाकडापर्यंत पोचणार कसा? सरसाचं वेगळं आहे. गरम नवा सरस जुन्याला मऊ करतो आणि त्यातच मिसळून जातो. आता आधी माझाच पांढरा पराक्रम खरवडण्यात दोन दुपारी गेल्या.

मिरजेला तंबोरे दुरुस्त करणारे एक ओळखीचे आहेत. त्यांनी सरसाचे दाणे पुडीत बांधून पाठवले आणि फोनवर बजावलं, "रात्रभर गार पाण्यात भिजू द्या. उकळी मात्र फुटू देऊ नका ताई, जोर जातो." साठ अंशांच्या आसपास ठेवायचा, बस्स. सकाळी पाहिलं तर दाणे साबुदाण्यासारखे टपोरे फुगलेले. त्यात नेमकी एकादशी. मी वाटीवर झाकण ठेवलं.

मला पुन्हापुन्हा आठवतो तो एकच प्रसंग. परसात तीन दगडांवर सुताराचा डब्यात ठेवलेला डबा. मी सात-आठ वर्षांची. आजी सोवळ्यात, पदर नाकाला लावून मागच्या दारात उभी. तिने विचारलं, "कशाचं रे हे?" सुतार क्षणभर डब्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सरस हाय, आजी."

"मग सरसच लाव बाबा. देवाचं काम आहे, कमअस्सल नको."

आजीला शब्द कळला नव्हता, की कळून तिने तो सोयीचा करून घेतला? शेंडीची गाठ जरा सैल दिसली तरी नारळ परत करणारी बाई ती. तिला एवढा वास कळला नसेल?

सरस म्हणजे जनावराचं कातडं, हाडं, कंडरा. पाण्यात तापवून तापवून काढलेला चिकट अर्क. ही काही कालची युक्ती नाही. 'मानसोल्लास' हा कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराचा ग्रंथ, 1129 च्या सुमाराचा. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्याचं नाव येतं ते ओवीमुळे, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात या उल्लेखामुळे. कॉलेजात मी तेवढंच पाठ केलं होतं. त्याच ग्रंथात चित्रकारांसाठी वज्रलेपाची कृती आहे, हे फार उशिरा कळलं. म्हशीचं ताजं कातडं पाण्यात लोण्यासारखं मऊ होईपर्यंत शिजवायचं, त्याच्या कांड्या करून वाळवायच्या आणि लागेल तसा तो लेप गरम पाण्यात विरघळवायचा. एकाच पोथीत ओवी आणि म्हशीचं कातडं! आजीला ओव्या शेकड्याने येत. कातड्याचं तिला सांगितलं असतं तर?

वाटीवर एव्हाना साय धरली होती. ती बाजूला सारून कुंचला बुडवला, वर उचलला. धार न तुटता पडली. पाकाची तार ओळखणाऱ्या हाताला हे शिकवावं लागत नाही. खांब आधी ऊन पाण्याच्या फडक्याने शेकला, सरस लावला, दाबून धरला. मिनिटभरातच तो गार होऊन धरू लागतो. मग दिवसभर हलवायचं नाही.

"पण कशापासून करतात हे?" मुलगी दारात येऊन उभी होती.

"कातड्यापासून."

"आणि पणजीला चालायचं?"

मी दाबलेला हात न काढता उभी होते, म्हणून उत्तर टाळता आलं. पण मन सुतारावरच अडलं होतं. त्याच्या चहाचा कान तुटलेला कप परसातल्या कोनाड्यात वेगळा असे. तो स्वतःच विसळून पालथा घाली. ज्यांनी ते कातडं सोललं, ज्यांनी ते शिजवलं, त्यांना तर आमच्या परसाचीही पायरी नव्हती. त्यांच्या हातचा सरस मात्र थेट देवाच्या पायांखाली गेला, आणि आजीने रोज त्यावर फुलं वाहिली.

आजीवर रागवावं तर तिच्या मऊ सुरकुतल्या हातांचाच स्पर्श आधी आठवतो. रागावू नये तर तो कोनाडा दिसतो.

देव अजून ताटात आहेत, उद्या बसवीन. वाटणीच्या वेळी आम्ही भावंडांनी चमचे-वाट्यांसकट याद्या केल्या होत्या. तो कप कुणाच्याच यादीत नव्हता.