तरंगंबाडीचा रविवार

तंजावरला जाणारा मराठी माणूस बृहदीश्वराच्या देवळातला भोसल्यांचा शिलालेख वाचतो, सरस्वती महालातल्या पोथ्यांना हात जोडतो आणि परतीची गाडी धरतो. मीही मोडी कागदांसाठीच गेलो होतो. परंतु शिवगंगा तळ्याजवळच्या चर्चमधल्या एका संगमरवरी शिल्पाने मला थेट समुद्रापर्यंत नेले.

जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने घडवलेल्या त्या शिल्पात एक वृद्ध जर्मन पाद्री मरणशय्येवर आहे, आणि त्याचा हात हाती घेऊन उभे आहेत सर्फोजीराजे! हा पाद्री म्हणजे ल्युथरपंथी श्वार्त्झ. १७८७ साली तुळजाराजांनी मरतेसमयी आपला दत्तक मुलगा त्याच्या हवाली केला. श्वार्त्झने त्याला शिकवले, गादीच्या हक्कासाठी खटपट केली. आणि राजे अखेरपर्यंत हिंदूच राहिले. असा हा गुरू ज्या मिशनमध्ये १७५० साली आला, ते तरंगंबाडी पाहिल्याशिवाय मला परतवेना.

मयिलादुतुरैहून बसने तासाभराचा रस्ता. गावाची वेस ओलांडली की सरळ रस्ता, आणि त्याच्या टोकाला डेन लोकांचा किल्ला व समुद्र. डेन्मार्कच्या राजाने धाडलेले त्सीगेनबाल्ग आणि प्ल्युत्शाऊ हे दोघे तरुण जर्मन पाद्री १७०६ साली इथे उतरले. त्यांचे पहिले चर्च समुद्राने गिळले. दुसरे, न्यू जेरुसलेम, १७१८ सालचे. त्याच्या दर्शनी भिंतीवर डॅनिश राजाचा मुकुट आहे आणि आत त्सीगेनबाल्गची समाधी. तमिळ शिकून त्याने नवा करार त्या भाषेत उतरवला आणि छापला. वारला तेव्हा त्याचे वय अवघे छत्तीस!

रविवार होता. उपासना सुरू झालेली. मी परधर्मी, परभाषी. दाराशीच उभा राहिलो. शेवटच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मागे वळून पाहिले, सरकून जागा केली आणि गीतांचे पुस्तक माझ्यापुढे धरले. मला तमिळचे अक्षर येत नाही, हे ध्यानात येताच ते ओळीवरून बोट फिरवू लागले. बोटामागून मी नुसता गुणगुणत राहिलो. सूर अगदी आपल्या दक्षिणी संगीताचे. "वेदनायकम् शास्त्री," ते इंग्रजीत कुजबुजले, "तुमच्या सर्फोजीराजांचे गुरुबंधू."

इथे बाकावरच्या जागेविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण ती जागा पूर्वी इतकी सोपी नव्हती. या मंडळीत जातवार वेगळे बसवण्याची चाल होती. राजनायकन् हा तंजावरच्या मराठा राजाच्या फौजेतला शिपाई. त्सीगेनबाल्गचा नवा करार वाचून ल्युथरपंथी झाला आणि आयुष्यभर प्रचारक म्हणून राबला. पण परैयर जातीचा, म्हणून त्याला पाद्रीपणाची दीक्षा मिळाली नाही. १७३३ साली पहिला देशी पाद्री झाला तो आरोन, वेल्लाळ. पुढे शतकभराने एका तरुण मिशनऱ्याने सर्वांना एकत्र बसवायचा हट्ट धरला, तेव्हा विरोधात उभे राहिले खुद्द वेदनायकम् शास्त्री! मिशनची नोकरी गेली, आणि त्यांना आश्रय दिला सर्फोजींनी. कवी गोड, मत मला मुळीच गोड लागले नाही. आमच्या राजाचे औदार्यही त्या दिवशी जरा अडचणीच्या जागी पडले, असेच मी म्हणेन.

त्या सकाळी माझ्या शेजारी कोण कुठल्या घरचे बसले होते, ते मला कळले नाही. मलाही कुणी जात विचारली नाही. गाव विचारले, मुले किती ते विचारले, आणि जेवल्याशिवाय जायचे नाही म्हणून बजावले.

म्हाताऱ्यांच्या घरी त्यांच्या पत्नीने आधी कॉफी दिली. मग नातवाला मध्ये घालून त्या म्हणाल्या, सर्फोजीराजांची भाषा कशी असते, ती बोलून दाखवा.

"आजी, कॉफी फार छान झाली आहे," मी म्हणालो.

नातू भाषांतर करायच्या आत त्यांनी माझा पेला पुन्हा भरला.