'नो ओदर' : एका ध्वनिमुद्रिकेचे उत्तरायुष्य

एखाद्या कलाकृतीला तिच्या जन्मसाली जो न्याय मिळतो तोच अंतिम, असे समजण्याची सवय आपणां सर्वांना जडली आहे. पुस्तकाची आवृत्ती किती दिवसांत संपली, चित्रपट किती आठवडे चालला, तबकडी विक्रीच्या यादीत कितव्या क्रमांकावर पोहोचली, यांवरून आपण गुण ठरवितो. अमेरिकन गीतकार-गायक जीन क्लार्क यांच्या 'नो ओदर' या १९७४ सालच्या ध्वनिमुद्रिकेची हकिकत या सवयीला छेद देते, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगावीशी वाटते.

हॅरल्ड यूजीन क्लार्क यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९४४ रोजी मिसूरी राज्यातील टिप्टन या लहान गावी झाला. घरात तेरा भावंडे. विशीत येताच ते लॉस अँजेलिसला गेले आणि 'द बर्ड्स' या वाद्यवृंदाचे एक संस्थापक झाले. १९६५ साली या मंडळींचे 'मिस्टर टॅम्बरीन मॅन' अमेरिकेत व इंग्लंडमध्ये अग्रस्थानी पोहोचले. ते गीत बॉब डिलन यांचे. परंतु वृंदाची स्वतःची बहुतेक गाणी त्या काळात क्लार्क यांच्याच लेखणीतून उतरत होती. गीतलेखनाचे मानधन त्यांना वेगळे मिळे आणि त्यावरून सहकाऱ्यांत कुरबूर चाले. त्यात भर म्हणजे त्यांना विमानप्रवासाचे विलक्षण भय होते. गावोगाव गाऊन पोट भरणाऱ्याला विमानाचे भय म्हणजे कोळ्याला पाण्याचे भय! १९६६ च्या आरंभी ते वृंदातून बाहेर पडले.

पुढे बँजोवादक डग डिलार्ड यांच्यासमवेत त्यांनी जे संगीत निर्माण केले, ते 'कंट्री रॉक' या प्रकाराच्या आरंभीच्या खुणांपैकी एक मानले जाते. अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतील बँजो, फिडल, मँडोलिन यांची साधी गाणी आणि शहरातील विजेची गिटार व ड्रम यांचा हा संगम. जाणकारांनी कौतुक केले, ग्राहकांनी पाठ फिरविली. १९७३ साली 'बर्ड्स'चे जुने पाच जण पुन्हा एकत्र आले, तेव्हा त्या ध्वनिमुद्रिकेत क्लार्क यांची गाणी उठून दिसली आणि असायलम कंपनीचे प्रमुख डेव्हिड गेफन यांनी त्यांच्याशी करार केला.

'नो ओदर'मधील गाणी रचली गेली ती उत्तर कॅलिफोर्नियात, मेंडोसिनोच्या सागरकिनारी. ध्वनिमुद्रण मात्र लॉस अँजेलिसच्या मोठ्या स्टुडिओत, टॉमस जेफरसन केय या निर्मात्याच्या देखरेखीखाली झाले. त्या शहरातील नामांकित वादक पाचारण केले गेले. गिटारींवर गिटारींचे थर चढले. मागे देवळातील गायनवृंदासारखे अनेक कंठ उभे राहिले. खर्च एक लाख डॉलर्सच्या वर गेला आणि हाती आली अवघी आठ गाणी. गेफन संतापले. एवढ्या पैशांत आठच? कंपनीने जाहिरातीकडे जवळजवळ दुर्लक्ष केले. विक्रीच्या अमेरिकन यादीत तबकडी १४४ व्या क्रमांकापर्यंत कशीबशी चढली आणि तेथूनच खाली उतरली.

सगळा दोष कंपनीच्या माथी मारणे आम्हांस योग्य वाटत नाही. श्रोत्यांना खेड्यातील साधा गायक हवा होता. त्यांच्या हाती पडले ते १९२० च्या दशकातील सिनेमाची आठवण देणारे मुखपृष्ठ आणि मलपृष्ठावर घोळदार, झगमगीत पेहरावातील क्लार्क. काही समीक्षकांनी वाखाणले. पुष्कळांना हा सारा डामडौल वाटला. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. एक-दोन ठिकाणी वाद्यांची गर्दी शब्दांच्या अंगावर येते. पण या गाण्यांचा विषयच असा आहे की, एकट्या गिटारीवर तो पेलला असता की नाही, शंका वाटते. माणसाला आपल्या आयुष्याचे किती कळते, नियती कोठे संपते आणि आपला दोष कोठे सुरू होतो, हे प्रश्न येथे कोणतेही उत्तर हाती न देता विचारले गेले आहेत. 'सम मिसअंडरस्टँडिंग' हे गाणे आठ मिनिटे चालते, त्यातला एक क्षणही आम्हांस लांबलेला वाटत नाही.

क्लार्क यांना ही आपली श्रेष्ठ कृती वाटत होती आणि तिच्या अपयशातून ते कधी पुरते सावरले नाहीत. मद्याचे व्यसन पूर्वीही होतेच. १९८९ साली टॉम पेटी या लोकप्रिय गायकाने त्यांचे एक जुने गाणे आपल्या ध्वनिमुद्रिकेत घेतले, तेव्हा बऱ्याच वर्षांनी घरात भरपूर पैसा आला; त्यांचे चरित्रकार सांगतात की, त्या पैशानेच व्यसनाला पुन्हा वाट करून दिली. २४ मे १९९१ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी, ते निवर्तले. टिप्टनच्या संत आंद्रिया कॅथलिक दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. शिळेवर नाव आहे आणि त्याखाली दोनच शब्द : 'नो ओदर'. जी कृती जगाने नाकारली, तीच त्यांची ओळख म्हणून दगडावर कोरली गेली.

बाकीची कथा आनंदाची म्हणावी लागेल. १९८६ साली, ते हयात असतानाच, इंग्लंडच्या फोर एडी कंपनीच्या 'धिस मॉर्टल कॉइल' या वृंदाने यातले 'स्ट्रेंग्थ ऑफ स्ट्रिंग्ज' नव्याने गायिले होते. २०१४ साली 'बीच हाउस' या वृंदाने इतर तरुण गायकांना सोबत घेऊन अमेरिकेतील काही शहरांत ही आठही गाणी रंगमंचावर सादर केली. २०१९ साली त्याच फोर एडीने मूळ ध्वनिफितींवरून नवी आवृत्ती काढली, तेव्हा वृत्तपत्रांनी तिला त्या दशकातील श्रेष्ठ कृतींत जागा दिली. उशिरा मिळालेला न्याय हा न्याय खरा. पण तो ज्याला हवा होता तो माणूस अठ्ठावीस वर्षे मातीखाली होता. अशा प्रसंगी 'अखेर गुणांचे चीज झाले' असे म्हणताना आमची जीभ अडखळते.

त्या आवृत्तीत गाण्यांचे आरंभीचे, थर चढण्यापूर्वीचे पाठही दिले आहेत. काहींना तेच अधिक भावतात. आम्ही मात्र मूळ तबकडीकडेच परत जातो. 'स्ट्रेंग्थ ऑफ स्ट्रिंग्ज'मध्ये शब्द सुरू होण्यापूर्वी बराच वेळ नुसते स्वर घुमत राहतात. मग क्लार्क यांचा आवाज येतो, किंचित थकलेला आणि तरी घाई नसलेला.